मुक्काम लसूणघासात

मार्लिस हॉगनने चौतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं होतं. मूल गप्प बसलं की एक तर त्याला सगळं समजलेलं असतं, नाहीतर काहीच समजलेलं नसतं, हे तिला तेवढ्या वर्षांत पक्कं कळलं होतं. त्या रविवारी सकाळी हॅचेट डोंगराच्या पायथ्याशी हार्लन स्प्रेग आपल्या फाटकाला टेकून गप्प उभा होता. हार्लन आता एकावन्न वर्षांचा, चारशे गुरांचा मालक. पण मार्लिसला तो दिसला की आधी दिसायचा तो खिडकीजवळच्या बाकावरचा, पेन्सिल चावणारा हार्लन.

तिने गाडीची काच खाली केली.

"काय रे, चेहरा का असा? न्याहारी झाली नाही का?"

"झाली, बाई. गाड्या किती?"

"नऊ."

"नऊ वर जाणार, नऊ खाली येणार. फाटक कोण लावणार?"

"मी. शेवटची गाडी माझी."

"गेल्या वर्षीही शेवटची गाडी कोणाची तरी होतीच की," हार्लन म्हणाला.

गेल्या वर्षी उडण्याच्या स्पर्धेच्या दिवशी त्यांच्या ग्लायडर क्लबातल्या कोणीतरी हे फाटक उघडं टाकलं होतं आणि हार्लनच्या साठ कालवडी मोठ्या रस्त्याला लागल्या होत्या. त्या गोळा करायला त्याला दोन दिवस लागले. फाटक कोणी उघडं टाकलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक जण म्हणाला, मी नव्हतो.

"हे बघा बाई, मी भांडणारा माणूस नाही," हार्लन म्हणाला. "कालव्याखालचा माझा लसूणघास, गुरांचा चारा, उभा आहे. फुलावर आलाय. मंगळवारी दुसरी कापणी. आज त्यात तुमच्यातल्या कोणाचा पाय पडला, तर मी ओरडणारसुद्धा नाही. फक्त या फाटकाला कुलूप लावीन."

"नाही पडणार. माझा शब्द आहे."

हार्लनने टोपी जरा वर केली, फाटक उघडलं, आणि जाणारी एकेक गाडी बोटांवर मोजली.

डोंगरमाथ्यावर जायला हा एकच रस्ता होता. दुसऱ्या बाजूला नुसता कडा. फाटकाला कुलूप लागलं असतं, तर एकतीस वर्षांचा हा क्लब म्हणजे महिन्यातून एकदा जमून जुने फोटो बघणारी मंडळी झाली असती. मार्लिस स्वतः एकोणीस वर्षं या माथ्यावरून पॅराग्लायडर घेऊन उडाली होती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या खुब्याकडे बोट दाखवून सांगितलं, आता धावायचं नाही. आणि धावल्याशिवाय पॅराग्लायडर उडत नाही. मग तिने यंदा स्पर्धा चालवायचं काम अंगावर घेतलं. स्पर्धा म्हणजे काय, घरातल्यासारखाच खेळ. बक्षीस म्हणून पोचे पडलेली एक कॉफीची किटली, जी जिंकणाऱ्याने वर्षभर घरी ठेवायची आणि पुढच्या वर्षी घासून परत आणायची. पण एकतीस वर्षांत ती किटली कोणाला मिळाली नाही असं एकदाही झालं नव्हतं. यंदा शुक्रवारी वाऱ्याने कोणाला उडू दिलं नाही, शनिवारी ढग गडगडले. उरला होता फक्त हा रविवार.

*

माथ्यावर पंधरा जण पंख मांडत होते. अकरा पॅराग्लायडर, म्हणजे पाठीवरच्या पिशवीतून काढायचे कापडी पंख. आणि चार हँग ग्लायडर, ज्यांच्या दांड्या गाडीच्या टपावर शिडीसारख्या बांधून आणाव्या लागतात. त्यामुळे या क्लबात एक जात पिशवीवाल्यांची आणि दुसरी शिडीवाल्यांची.

"पिशवीवाले, तुमची धुणी वाळत घालून झाली का?" ओरिन टटल आपल्या हँग ग्लायडरच्या तारा ताणत ओरडला. ओरिनचं वय सदुसष्ट, दाढी पांढरी, आणि आवाज असा, की त्याला रेडिओची गरजच नव्हती.

"झाली, ओरिनकाका! तुमचा मांडव उभा राहीपर्यंत आम्ही जाऊन परत येतो," टेगन म्हणाली.

टेगन चोवीस वर्षांची. खोऱ्यातली टपाल वाटायची. रोज ऐंशी मैल गाडी चालवायची आणि प्रत्येक घराची टपालपेटी ओळखायची. डोंगर सोडून दूर जाण्याचं तिचं हे पहिलंच उड्डाण होतं. सकाळपासून तिने तीनदा शिरस्त्राण घातलं होतं आणि तीनदा काढलं होतं.

मार्लिसने टाळी वाजवली. तिची टाळी ऐकली की खोऱ्यातली पन्नाशीची माणसंसुद्धा सरळ उभी राहत.

"ऐका. इथून उत्तरेला विस्टर गावाची पाण्याची टाकी. तिला वळसा घालायचा आणि डोंगराच्या कडेकडेने परत यायचं. जाऊन येऊन चोवीस मैल. मुक्काम, म्हणजे उतरायचा गोल, ग्रेंज हॉलच्या कुरणात. मुक्कामाच्या जागेचा आकडा शुक्रवारी सगळ्यांनी आपापल्या यंत्रात भरून घेतलाय. बरोबर?"

"बरोबर, बाई!"

"रिवाज काय आहे?"

"गोलात पाय टेकायचा, तवा वाजवायचा!"

"आणि?"

"उभ्या पिकात उतरायचं नाही!"

"आणि उतरलंच कोणी, तर?"

"शेतकरी सांगेल ते काम करायचं!" टेगन म्हणाली.

"आणि ओरिन, तुझा रेडिओ चालू असेल ना?"

"मार्लिस, मी वर जातो ते कोणी बोलू नये म्हणून."

"ओरिन."

"बरं बाई, चालू ठेवतो," ओरिन म्हणाला, आणि ज्या सुरात म्हणाला तो सूर मार्लिसने तिसरीच्या वर्गात हजारदा ऐकला होता. तिने लक्ष द्यायला हवं होतं. पण तेवढ्यात दोन ससाणे कड्याखालून घिरट्या घालत वर आले, पंख न हलवता. ऊन दगडांना लागलं होतं आणि गरम हवा उसळायला लागली होती. सगळेच उठले.

नवख्यांना आधी सोडायचं, ही क्लबाची पद्धत. टेगन पंखाच्या दोऱ्या हातात घेऊन उभी राहिली.

"बाई, माघारी पळावंसं वाटतंय."

"तसं होतच असतं. मी एकोणीस वर्षं उडाले, एकोणीस वर्षं झालं. पंख डोक्यावर आला की आधी त्याच्याकडे बघ, मग पळ. घाई नाही."

टेगनने पंख उचलला, बघितलं आणि पळाली. आठव्या पावलाला जमीन सुटली. तिच्या छातीवरचं यंत्र टिवटिव करायला लागलं, कारण हवा वर चढवायला लागली की ते टिवटिवतं. आणि त्या टिवटिवीच्या वर तिचं हसू सगळ्या माथ्याला ऐकू गेलं. मार्लिसही हसली. स्वतः उडत असतानाही तिला इतका आनंद होत असे की नाही, हे तिला नीट आठवेना.

पंधराही जण गेल्यावर घरच्या मंडळींनी गाड्या खाली उतरवल्या. शेवटची मार्लिसची. फाटक तिने स्वतः लावलं, कडी घातली, आणि पुन्हा गाडीतून उतरून एकदा ओढून बघितलं.

*

ग्रेंज हॉल म्हणजे खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं सभागृह. त्याचं कुरण यंदा पहिल्यांदाच मुक्कामाला घेतलं होतं. जुन्या मैदानात आता कोणाचं तरी गोदाम उभं राहिलं होतं. हॉलच्या बायकांनी लांब टेबलं मांडली होती. मक्याची कणसं उकळत होती आणि भट्टीत भाजलेलं पीचचं गोड कॉब्लर झाकून ठेवलं होतं, तरी त्यावर माश्या घोंगावत होत्या. कुरणाच्या मधोमध मार्लिसने दोन पांढऱ्या चादरी आडव्या-उभ्या अंथरल्या. बाजूला काठीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, आणि खुंटीला टांगलेला लोखंडी तवा.

साडेतीनच्या सुमाराला उत्तरेकडून एक नारिंगी ठिपका आला.

"टेगन!" मार्लिस ओरडली. "पहिली टेगन येतेय!"

बायका टेबलं सोडून धावल्या. मार्लिसने तवा वाजवायला सुरुवात केली. नारिंगी पंख जवळ आला, कुरणाच्या वर आला, चांगला उंच होता. आणि तसाच पुढे निघून गेला.

"अगं, कुठे चाललीस?" एक बाई म्हणाली.

मार्लिसच्या कमरेचा रेडिओ खरखरला.

"बाई, टेगन बोलतेय. एक विचारायचंय, पण हसू नका."

"विचार."

"माझं यंत्र म्हणतंय, अजून पुढे जा. पण चादरी तर तुम्ही मागे अंथरल्यात. आणि पुढे मला लाल टपालपेटी दिसतेय. लाल पेटी हार्लनची. ग्रेंज हॉलची निळी आहे. मी रोज टाकते हो टपाल, माझी चूक नाही व्हायची."

मार्लिसचा तव्यावरचा हात थांबला.

तिने खिशातून दोन कागद काढले. एक हॉलच्या जुन्या नकाशाचा, ज्यावरून तिने कुरणाची जागा उतरवून घेतली होती. दुसरा क्लबाच्या यादीचा. पृथ्वीवरच्या जागासुद्धा घड्याळासारख्याच अंश, मिनिटं, सेकंदांत मोजतात. नकाशावर होतं: अठरा मिनिटं, पंचेचाळीस सेकंद. तिने यादीत लिहिलं होतं अठरा, मग एक टिंब, मग पंचेचाळीस. आणि क्लबाच्या यादीत टिंबानंतर सेकंद लिहीत नाहीत, मिनिटाचे शंभर भाग करून त्यातले किती ते लिहितात. पंचेचाळीस सेकंद म्हणजे पाऊण मिनिट. तिने लिहिलं होतं अर्ध्या मिनिटाहूनही कमी. तिने ते तीनदा तपासलं होतं, आणि तीनदा तोच आकडा तिला बरोबर वाटला होता. क्लबातल्या बाकीच्यांनी तपासलाच नव्हता, कारण बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर काय तपासायचं?

जिने चौतीस वर्षं मुलांना सांगितलं, की घड्याळात शंभर नसतात, साठ असतात, तिनेच साठाचे शंभर केले होते. आणि तेवढ्या फरकाने मुक्काम सहाशे पावलं दक्षिणेला सरकला होता. कालव्याच्या खाली, हार्लनच्या उभ्या लसूणघासात.

तिने उत्तरेकडे बघितलं. डोंगराच्या कडेने रंगीत ठिपक्यांची माळच येत होती. सात, आठ, दहा. सगळे त्या आकड्याकडे निघालेले.

रेडिओच्या बटणावर अंगठा ठेवून ती क्षणभर थांबली. 'वारा फिरलाय, मुक्काम चादरींवर हलवलाय,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणाला काही कळलं नसतं. पहिल्याच वर्षी, सगळ्या क्लबाच्या कानात... तिने बटण दाबलं.

"सगळ्यांनी ऐका. मार्लिस बोलतेय. माझी चूक झालीय. मी मुक्कामाचा आकडा चुकीचा लिहिला. तुमची यंत्रं तुम्हाला हार्लनच्या लसूणघासात नेतील. यंत्र विसरा. पांढऱ्या चादरी बघा आणि चादरींवर या. पुन्हा सांगते, चूक माझी आहे. लसूणघासात कोणीही उतरायचं नाही. ऐकलं असेल तर एकेकाने नाव सांगा."

"टेगन. ऐकलं. वळतेय."

नारिंगी पंख वळला. मागून एकेक नाव यायला लागलं, आणि एकेक ठिपका चादरींकडे कलायला लागला. आकाशातली ती माळ वाकली, गोल झाली, आणि पंधरा मिनिटांत कुरणावर पंखांचा बाजार भरला. टेगन चादरीच्या बरोब्बर मध्ये उतरली, धडपडली, उठली, आणि तवा असा वाजवला की टेबलाखालचं कुत्रं पळून गेलं.

"बाई! चोवीस मैल! मी चोवीस मैल आले! वरून सगळ्या टपालपेट्या दिसतात!"

मार्लिसने तिला मिठी मारली आणि मिठी मारता मारताच मोजलं. तेरा. चौदा.

"ओरिन कुठे आहे?"

ओरिन येत होता. निळा हँग ग्लायडर, खाली, जोरात, हवा कापल्याचा आवाज करत. मार्लिसने रेडिओत त्याला हाक मारली. काही नाही. तिने तवा उचलला आणि जिवाच्या आकांताने वाजवला. टेगन दोन्ही हात हलवत ओरडायला लागली. सगळे ओरडायला लागले.

ओरिनने खाली बघितलं. त्याला वाटलं, आपल्याला शाबासकी देतायत. त्याने एक हात सोडून सगळ्यांना राजासारखा सलाम केला आणि डोक्यावरून निघून गेला. कालवा ओलांडला. मग निळे पंख एकदम उभे झाले, थांबले, आणि हिरव्या-जांभळ्या लसूणघासात बसले. इतकं सुरेख उतरणं त्या खोऱ्याने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि तिथून वीस पावलांवर, खांद्यावर पाणी सोडायची लांबलचक नळी घेऊन, हार्लन उभा होता.

*

कालव्याच्या बांधावरून मार्लिस निघाली. टेगनही तिच्याबरोबर. गाडी नेता आली असती, पण मार्लिसला चालायचं होतं. खुबा दुखत होता, तो दुखू दिला.

"बाई, माझ्यामुळे झालं का? मी जरा आधी बोलायला हवं होतं."

"तू बोललीस म्हणून चौदा वाचले. गप्प चल."

शेताच्या कडेला हार्लनचा जुना ट्रक दार उघडून उभा होता. आत हार्लन आणि ओरिन, कमरेपर्यंत हिरव्यात, समोरासमोर.

"अरे, पण हे बघ ना!" ओरिन आपलं यंत्र हार्लनच्या नाकासमोर नाचवत होता. "यंत्र म्हणतंय मुक्काम! गोलाच्या मधोमध! बावीस वर्षांत मी एकदाही असा मधोमध उतरलो नव्हतो!"

"यंत्राला सांगा, इथे लसूणघास आहे."

"मला वरून वाटलं, कुरण जरा जास्तच छान दिसतंय."

"ओरिन, तुझा रेडिओ?" मार्लिसने बांधावरून विचारलं.

ओरिनने छातीवरच्या रेडिओकडे असं बघितलं, जणू तो तिथे पहिल्यांदाच उगवला होता. "अरेच्चा," तो म्हणाला.

मार्लिस बांधाच्या टोकाला उभी राहिली. पिकात तिने पाऊल टाकलं नाही. "हार्लन, ओरिनने रेडिओ बंद ठेवला ती त्याची चूक. पण त्याला इथे आणलं मी. आकडा मी चुकवला. सकाळी मी तुला शब्द दिला होता, तो मोडला. तू म्हणालास ते तू कर. मी एक अक्षर बोलणार नाही."

हार्लनने नळी हळूच खाली ठेवली. ओरिनच्या पंखाने पाडलेल्या पट्ट्यातूनच, इकडेतिकडे पाय न टाकता, तो बांधापर्यंत आला.

"चुकवला म्हणजे कसा चुकवला?"

"पंचेचाळीस सेकंद होते. मी ते शंभरातले पंचेचाळीस धरले."

"साठातले नाही?"

"साठातले नाही."

हार्लन तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या गालाचा एक स्नायू हलला. मग दुसरा. आणि मग तो कधीच हसला नव्हता असा हसायला लागला, वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून. ओरिन घाबरून एक पाऊल मागे सरला.

"बाई," हार्लन डोळे पुसत म्हणाला, "साडेतीन कसे लिहायचे?"

मार्लिसने कपाळावर हात मारला.

"तीन पन्नास!" हार्लन टेगनकडे वळून म्हणाला. "मी तिसरीत असताना साडेतीन म्हणजे तीन पन्नास लिहायचो. अर्धं म्हणजे पन्नास ना? दोन आठवडे मधल्या सुट्टीत यांनी मला वर्गात बसवलं. कागदाच्या ताटलीचं घड्याळ करून. पोरं बाहेर चेंडू खेळतायत आणि मी आपला काटा फिरवतोय!"

"मीही बसायचे तुझ्याबरोबर," मार्लिस म्हणाली.

"बसायचात. तुमचं अर्धं सँडविच मला द्यायचात. म्हणून तर मी दोन आठवडे लावले. पहिल्याच दिवशी समजलं होतं मला."

"हार्लन स्प्रेग!"

"आता काय करता, नापास?"

तिघेही हसले. ओरिनही उशिरा हसला, आपण कशाला हसतोय ते न कळून. मग हार्लनचं हसू ओसरलं. त्याने ट्रककडे बोट केलं. उघड्या दारातून रेडिओची खरखर ऐकू येत होती, आणि पलीकडे कोणीतरी कोणालातरी कॉब्लर ठेवा म्हणून सांगत होतं.

"सकाळपासून तुमचाच रेडिओ ऐकतोय मी. लक्ष ठेवायला. तुम्ही बोललात ते सगळं ऐकलं. तेव्हा इथे कोणी उतरलंसुद्धा नव्हतं, बाई. तुम्ही काही न बोलता भागलं असतं." त्याने हातांचा चिखल झटकला. "गेल्या वर्षी कालवडी गेल्या, त्याचं मला एवढं नाही. गुरं जातातच. पण अख्ख्या क्लबात एकानेही येऊन सांगितलं नाही, की फाटक माझ्या हातून राहिलं. त्याचा राग होता मला."

ओरिन आपल्या पंखाची एक तार उगाच पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता.

"ओरिनकाका?" टेगन म्हणाली.

"मीच तो," ओरिन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "टपावरचा दोर सुटला होता. तो बांधायला उतरलो, आणि फाटक... घरी गेल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग सगळे मी नाही, मी नाही म्हणायला लागले, आणि मग..."

"मला माहीत होतं," हार्लन म्हणाला.

"काय?"

"तुमच्या ट्रकचं मागचं चाक वेगळं आहे. फाटकाजवळ ठसा होता. वर्षभर वाट बघत होतो."

ओरिनने टोपी काढली. मग ती पुन्हा घातली. मग हार्लनचा हात हातात घेऊन इतका हलवला की हार्लनच म्हणाला, "पुरे, पुरे, तो उजवा आहे, उद्या कामाला लागतो."

"रिवाज आहे," मार्लिस म्हणाली. "पिकात उतरला तो शेतकरी सांगेल ते काम करतो. सांग."

हार्लनने शेताकडे बघितलं. "माझी दोन्ही माणसं रोडिओला, घोड्यांच्या खेळाला, गेलीत. पलीकडच्या कापून झालेल्या पट्ट्याला पाणी द्यायचंय. बत्तीस नळ्या उचलून साठ फूट पलीकडे मांडायच्यात. एकट्याने केलं तर अंधार पडेल."

"एकट्याने कशाला?" टेगनने रेडिओ हातात घेतला. "सगळ्यांनी ऐका. टेगन बोलतेय. कॉब्लर झाकून ठेवा आणि इकडे या. बांधावरून या, पिकातून नाही. ओरिनकाकांना नळ्या उचलायच्यात."

*

ते आले. तेराच्या तेरा, बांधावरून एका ओळीत, आणि मागून हॉलच्या दोन बायका कणसांची परात घेऊन. आधी चौघांनी ओरिनचा ग्लायडर डोक्यावर उचलला आणि ज्या पट्ट्यातून तो आत आला होता, त्याच पट्ट्यातून बाहेर आणला. मग नळ्या. प्रत्येक नळी चाळीस फुटांची, तिच्यावर एक फवारा, आणि दोन टोकांना दोघं. पिशवीवाले आणि शिडीवाले अशा दोन टोळ्या झाल्या आणि आपोआप शर्यत लागली.

"शिडीवाल्यांना लांब दांड्या वाहायची सवय असते, हा अन्याय आहे!"

"पिशवीवाले, घडी घालून न्या की!"

मार्लिसला हार्लनने ट्रकच्या मागच्या फळीवर बसवलं होतं आणि उतरायला बंदी केली होती. ती तिथून नळ्या मोजत होती. शेवटची नळी जोडली गेली, हार्लनने झडप फिरवली आणि पाण्याच्या बत्तीस फवाऱ्यांनी एकदम मान वर केली. घामाघूम झालेली सगळी मंडळी त्यात शिरली. ओरिन तर दाढी वर करून फवाऱ्याखालीच उभा राहिला.

मग किटलीचा प्रश्न आला. तो कॉब्लर खाताना आला.

"नियमाप्रमाणे बघायचं तर यंत्रात भरलेल्या गोलात पाय टेकला तो एकच माणूस," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी ओरिनकडे बघितलं. ओरिनच्या तोंडात कॉब्लर होतं.

"बहिरा राहून जिंकलेली किटली मला नको," तो घास गिळून म्हणाला. "माझ्या घरी येतं ते सगळं टपालवालीच आणते ना? मग किटलीही तिच्याकडेच राहू दे."

कोणी हात वर करायला सांगितले नाहीत, तरी सगळ्यांचे वर गेले. पहिल्यांदाच दूर उडालेल्या टेगनने पोचे पडलेली किटली छातीशी धरली. मग बोलायला लागली ती थांबेना.

हार्लन जेवून उठला. टेबलावरची एक कागदाची ताटली त्याने पुसून घेतली, खिशातून पेन्सिल काढली, आणि कोपऱ्यात जाऊन काहीतरी करत बसला. मार्लिसने बघितलं, पण विचारलं नाही. मूल असं वाकून बसलं की विचारायचं नसतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी माथ्यावरचे खांब आणि दोर आणायला तीन गाड्या पुन्हा वर जाणार होत्या. मार्लिसची गाडी सगळ्यांत पुढे. फाटकाजवळ पोचल्यावर तिने गाडी थांबवली.

फाटकाच्या मधल्या फळीवर, खिळ्याने ठोकून, कागदाची ताटली लावली होती. कडेने एक ते बारा आकडे, पेन्सिलीने, जरा वाकडे. दोन काड्यांचे काटे. छोटा काटा तीन आणि चारच्या बरोबर मध्ये, मोठा सहावर. खाली दोन ओळी होत्या: 'फाटक लावा. आणि पुढच्या वर्षी आकडे आधी मला दाखवा.'

मार्लिसने काटे नीट बघितले. छोटा काटा अगदी जिथे हवा तिथे होता. पोरं तोच चुकवतात.

"शाब्बास," ती एकटीच म्हणाली.

गाड्या आत गेल्या. शेवटची गाडी ओरिनची. मार्लिसने आरशातून मागे बघितलं. ओरिन खाली उतरला, फाटक ढकललं, कडी घातली, आणि ओढून बघितलं. चार पावलं गाडीकडे आला. मग परत गेला आणि पुन्हा एकदा ओढून बघितलं.